तिसाव्या किलोमीटरची पाटी

माझं नाव यातोर.
आमच्या भाषेत, वाट उघडून देणारा.
आईनं सहज ठेवलं होतं;
पुढे त्यावरच पोट चालेल
हे तिला तरी कुठून ठाऊक?

करारात लिहिलेलं असतं:
किलोमीटरला तीन मिनिटं, कमी नको, जास्त नको.
वारा आला तर आपल्या छातीवर घ्यायचा,
मागच्यांना लागू द्यायचा नाही.
आणि तिसाव्या पाटीशी, डाव्या हाताला,
कुणाच्या पायात न येता
पाय काढता घ्यायचा.

सहा वर्षं काढता घेतला.
शहरं पाहिली ती सगळी तीस किलोमीटरांची.
उरलेल्या बारांत काय असतं,
पूल असतो की चर्च, बायका कुठे टाळ्या वाजवतात,
मला विचारू नका.

अठ्ठाविसाला मांडी कुरकुरायची.
एकोणतिसाला धाप.
तिसाला गुडघ्यांत वाळू,
बँकेच्या शटरसारखी, अगदी वेळेवर.
मी म्हणायचो, देहाची हद्द ती.
हद्दीशी कोण भांडतं?
पैसे घ्यायचे, जेरोपच्या शाळेत भरायचे,
पुढच्या विमानाची वाट बघायची.

मग लायडन. एप्रिल.
धुकं असं की पुढची गाडी नुसती दोन लाल ठिपके.
घड्याळाची काच सुरुवातीच्याच गर्दीत
कुणाच्या तरी कोपरानं फुटलेली.
आणि रात्रीच्या वाऱ्यानं तिसाची पाटी
उचलून कालव्यात टाकलेली.
(हे मला नंतर कळलं.)

मी पळत होतो.
पाटी येईल, येईल, आता येईल.
मागचे तिघे गप्प.
सांगणार तरी कोण?
फुकटचा आडोसा कुणाला नको असतो?

पायाखाली विटांचा रस्ता, ओला.
एक बदक आडवं गेलं.
मांडी काही बोलली नाही.
मला आठवतं, मी आईच्या चुलीचा विचार करत होतो,
दूध तापलं की ती झाकण किती तिरकं ठेवते, त्याचा.

मग धुक्यातून पिवळी पाटी आली. तेहतीस.

वाचलं मात्र,
आणि सगळं एकदम आलं:
वाळू, धाप, पोटऱ्यांत गोळे,
तीन किलोमीटरांची थकबाकी व्याजासकट.
पाय असे गळाले
की कठड्यापर्यंतसुद्धा धड जाता आलं नाही.

एका म्हातारीनं अर्धं संत्रं दिलं.
खुणेनं विचारलं, दुखतंय का?
मला हसू फुटलं. तिला काय सांगणार, बाई,
दुखतंय खरं,
पण आत्तापर्यंत कुठे होतं हे?
कुणाच्या घरी बसलं होतं?

परत आल्यावर चेबोईंना सांगितलं.
ते गोठ्यात होते, वर पाहिलं नाही.
म्हणाले, पाणी आणणारं गाढव
दारापाशी थांबतं ना,
ते थकलं म्हणून नाही थांबत.
दार आलं म्हणून थांबतं.
मग बादली उचलून निघून गेले.

तेव्हापासून मी त्या तिघांचा विचार करतो.
पुढे गेलेल्यांचा.
त्यांच्यातल्या एकाचं दार बेचाळिसाला होतं,
एकाचं बहुधा अडतिसाला, कारण तो तिथेच बसला म्हणे.
माझं कुणी ठरवलं?
करारानं? की मीच, सही करताना,
शाईबरोबर थोडे गुडघेही दिले?
मन चिंती ते वैरी न चिंती, ठीक आहे.
पण इथे वैरी कुणीच नव्हता.
होता तो हिशेबनीस, माझाच, प्रामाणिक,
तिसाला दिवा मालवून घरी जाणारा.

परवा नवा करार आला.
या वेळी म्हणे पंचविसालाच बाजूला व्हा.
पैसे तेवढेच. सही केली.

काल सकाळी लाल मातीच्या रस्त्यावर,
घड्याळ बघत,
चोवीस झाले असतील नसतील
आणि गुडघ्यात वाळू.

मी म्हटलं, ये.
तुला पत्ता कुणी दिला?